वाचकांचे प्रश्न : बायकोच्या नावचं वावर

प्रश्न : ताई, नमस्कार. हिंगणघाट तालुक्यात माझ्या दोन जिनिंग (कापसातून सरकी काढून रुई करायचे कारखाने) आहेत. एक वडिलांची जुनी, दुसरी मी उभी केली. लग्नाला नऊ वर्षं झाली. बायको जुन्या मालगुजार घराण्यातली, एकुलती एक. मागच्या वर्षी सासरे वारले. त्यांचं ३६ एकर वावर आता बायकोच्या नावावर येईल, त्यातलं १४ एकर ओलिताचं आहे. मला सरकीची ऑइल मिल टाकायची आहे. बँक सी.सी. (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाची मर्यादा, वाढवून द्यायला तयार आहे, पण तारण मागते. मी बायकोला म्हटलं, तुझं वावर लावू. ती हो म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. गावात तर आताच सुरू झालं, ‘सासऱ्याच्या वावरावर शेठ झाला.’ मी लग्नात एक रुपया हुंडा घेतला नव्हता, आंदणसुद्धा नको म्हटलं होतं. नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं? तिला कसं समजावून सांगू?
— एक जिनिंगवाला

उत्तर : भाऊ, तुम्ही हुंडा घेतला नाही हे वाचून बरं वाटलं. तुमच्या पत्रात लबाडी कुठंच नाही. म्हणूनच मोकळं लिहिते. तिला समजावू नका. हे वावर बँकेत लावू नका.

आधी तुमचा हिशेब दुरुस्त करते, कारण सुरुवातच चुकली आहे. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर ३६ एकर एकट्या तुमच्या पत्नीचे होत नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा आणि लेक दोघी पहिल्या वर्गातल्या वारस, दोघींचा हिस्सा सारखा. सासऱ्यांची आई हयात असेल तर तिसरा हिस्सा तिचा. वावर वडिलोपार्जित असेल तर वाटणीचं गणित आणखी बदलतं, कारण २००५च्या दुरुस्तीनं लेक जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, झाली आहे. म्हणजे ज्या सासूबाई तुमच्याशी नीट बोलत नाहीत, त्या या वावराच्या मालकीण आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या पत्रभर ‘बायकोचं वावर’ आहे, सासूबाईंच्या हिश्शाची एक ओळसुद्धा नाही. त्यांचा अबोला मला तरी समजतो.

आता तुमच्या धंद्याचं. जिनिंग मी चालवलेली नाही, पण महसूल खात्याच्या नोकरीत असताना सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढवायचे आणि उतरवायचे फेरफार (नोंदीतले बदल) माझ्यासमोर सतत आले, आणि त्यातले बरेच कापसाचे होते. तुम्हाला हे पाठ असेल, तरी पत्नीसमोर बसून एकदा मांडा. शंभर गठाणींचा, म्हणजे रुईच्या गाठींचा, एक लॉट. गठाण १७० किलोची. क्विंटल कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे एका गठाणीला पाच क्विंटल आणि लॉटला पाचशे क्विंटल कापूस. ७,५०० भाव धरला तर कास्तकाराला साडेसदतीस लाख रुपये तुम्हाला काट्यावरच मोजून द्यावे लागतात, कारण उधारीवर कापूस टाकायला आता कोणी तयार नाही. तुमची रुई विकून पैसे यायला पंधरा दिवस, महिना. मधल्या काळात रुईचा भाव खंडीमागे दोन हजारांनी उतरला तर ३५६ किलोच्या खंडीच्या हिशेबानं त्या एका लॉटमागे ९५ हजार गेले. हंगामात असे किती लॉट बांधता ते तुम्हालाच ठाऊक. २०२२च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या भावानं भरून ठेवलेल्यांचं पुढच्या हंगामात काय झालं, हे हिंगणघाटच्या माणसाला मी सांगायला नको. त्यावर आता सरकीचं तेल आणि ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली जनावरांची पेंड. सरकीचा भाव एकीकडे, तेलाचा दुसरीकडे, आणि पाऊस चांगला होऊन हिरवा चारा आला की ढेप पडते.

हा धोका तुम्ही समजून उमजून घेता. तो तुमचा धंदा आहे, त्यात तुमची हुशारी आहे. वावर मात्र या धोक्यात कधीच उतरलेलं नव्हतं. बँकेत लावलं की सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो आणि खंडीचा भाव पडला की ओझं वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत येतं.

एक गोष्ट बँकेत कोणी आपणहून सांगणार नाही. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा जो सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी तोंडी सुचवलं जातं, ‘पाच-दहा एकर अकृषक (बिगरशेती) करून आणा, मग बघू.’ रस्त्याला लागून असलेलं चांगलं वावर त्यासाठी पहिलं निवडलं जातं. अकृषक झालं की ते संरक्षण गेलं. दुसरी गोष्ट जामीनदारीची. तारणाबरोबर पत्नीची वैयक्तिक हमी घेतली जाते, आणि हमी म्हणजे फक्त ते सर्व्हे नंबर नाहीत, तिचं बाकीचं सगळंही त्यात येतं. तिच्या दागिन्यांचा आणि खात्यातल्या पैशांचा विषय तुमच्या मनात कधी आलाही नसेल, पण कागदाच्या भाषेत ते आत आहे.

तुम्ही विचारता, नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं. मग जिनिंगच्या कागदावर तिचं नाव कुठं आहे, हे आधी सांगा. दोन्ही जिनिंगमध्ये तिचा किती हिस्सा? चेकवर तिची सही चालते का? वर्षाअखेरचा ताळेबंद तिनं कधी पाहिला का? जे तुमचं ते तुमचं आणि जे तिचं ते दोघांचं, असं होत असेल तर त्याला एकोपा म्हणत नाहीत. तुमचा तसा हेतू नाही हे मी मानते. पण लोक जे बोलतात ते हेतू बघून बोलत नाहीत, सातबारा बघून बोलतात.

माझ्या महसूल मंडळात एका गावी फेरफाराची सुनावणी होती. एका बाईनं नवऱ्याच्या कर्जासाठी आपलं माहेरचं वावर लावलं होतं. कर्ज बुडालं, आणि आता नवरा म्हणे विकून टाकू. तिला मी विचारलं, कोणत्या नंबरातलं विकायचं? तिला नंबर माहीत नव्हता. मी नकाशा पसरला. तिनं बोट ठेवलं आणि ते नाल्याच्या काठाकाठानं सरकवत नेलं, एका जागी थांबवलं आणि म्हणाली, ‘हे जांभळीचं. इथं जांभूळ होतं, बाबा त्याच्याखाली जेवायचे.’ मग बोट पुढं, ‘हे मसनाजवळचं, यात तूर चांगली येते.’ अख्खं वावर तिनं नावानिशी सांगितलं, कुठं पाणी साचतं, कुठल्या धुऱ्यावर भाऊबंदाशी भांडण आहे, सगळं. नवरा शेजारी उभा होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी कागदात लिहिण्यासारखं काही करू शकले नाही, तिची सही खरी होती. पण वारस नोंदीला येणाऱ्या प्रत्येक लेकीला त्यानंतर मी नकाशा दाखवल्याशिवाय सोडलं नाही.

तुमच्या पत्नीचं ‘हो पण नाही, नाही पण नाही’ हे तिचं उत्तरच आहे. नाही म्हटलं तर संसारात कडू येईल ही भीती असते, म्हणून बाया गप्प राहतात. हे मौन तुम्ही होकारात मोजू नका, एवढंच नाही, तर तुम्हीच एक दिवस घरात सगळ्यांसमोर, सासूबाई असताना, बोलून टाका की वावर बँकेत जाणार नाही.

ऑइल मिल टाकायचीच असेल तर ती जिनिंगच्या जागेवर, यंत्रांवर, तुमच्या स्वतःच्या मालमत्तेवर जेवढं कर्ज मिळेल तेवढ्यात टाका. लहान टाका. पत्नीला धंद्यात यायचं असेल तर जामीनदार म्हणून नको, मालकीण म्हणून येऊ दे. साधी भागीदारी फर्म करू नका, तिथं भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. एल.एल.पी. (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा, तिनं जेवढं भांडवल घातलं तेवढ्यापुरतीच ती बांधली राहील, आणि त्यातही बँकेनं तिची वैयक्तिक हमी मागितली तर तिथंच थांबा. वावराच्या उत्पन्नातून तिनं तुम्हाला पैसे दिले तर ते उसने म्हणून लिहून घ्या, व्याज ठरवा, चेकनं परत करा.

आणखी एक, घाईनं. तुमच्या नावावर किती वावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कमाल जमीनधारणा कायद्यात नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब धरतात. कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर, ओलिताची त्याहून कमी. वारस नोंद होण्याआधी दोन्हीकडचे सातबारे घेऊन महसुलातला जाणकार वकील गाठा.

आणि पत्नीला सांगा, आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र तिनं करून ठेवावं. वडिलांकडून आलेली मालमत्ता असेल आणि बाई मूलबाळ नसताना, मृत्युपत्राविना गेली तर ती नवऱ्याकडे जात नाही, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. मुलं असतील तर मुलं आणि नवरा सारखे वाटेकरी. काय लिहायचं ते तिचं ती ठरवेल. तुम्ही त्या वेळी खोलीत नसावं.

प्रश्न : आमच्या शाळेची सहल सेवाग्राम आणि गोपुरीला गेली होती. जमनालाल बजाजांबद्दल पुष्कळ माहिती मिळाली, पण जानकीदेवींबद्दल ‘त्यांच्या पत्नी’ एवढंच. त्या श्रीमंत घरच्या होत्या का? एवढा मोठा व्यापारी आणि श्रीमंताची लेक, मग त्यांच्या धनाचं काय झालं? मुलींनी विचारलं, मला सांगता आलं नाही.
— एक शिक्षिका, आर्वी तालुका

उत्तर : बाई, मुलींनी हे विचारलं याचा मला फार आनंद झाला.

होय, जानकीदेवी सुखवस्तू घरातल्या. जन्म १८९३चा, जावरा इथला. १९०२ मध्ये लग्न होऊन त्या वर्ध्याला आल्या, म्हणजे तुमच्या चौथीतल्या मुलींच्या वयाच्या. जमनालालजी तेव्हा तेरा वर्षांचे. ते स्वतःही या घरात बाहेरून आलेले. १८८९ला सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात साध्या घरात जन्म, आणि पाच वर्षांचे असताना वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. जन्मदात्यांनी बदल्यात पैसा घेतला नाही, गावात पाण्यासाठी विहीर बांधून मागितली, असं सांगतात.

मुलींना एक प्रसंग जरूर सांगा. जमनालालजी सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला दागिने घालून जायला त्यांनी नकार दिला. आजोबा चिडले आणि पैशावरून नको ते बोलले. पोरानं चिठ्ठी लिहून ठेवली की तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नेत नाही, आणि घर सोडलं. आजोबांनी समजूत काढून परत आणलं. थोड्याच दिवसांत आजोबा गेले आणि सगळं याच मुलाकडे आलं. ते धन आपलं नाही, आपण विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्यात तिथपासून दिसते. पुढं १९२०ला नागपूर काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, १९२१ला रायबहादुरी परत, १९२३ला नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९२८ला वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं. सेगाव, म्हणजे आजचं सेवाग्राम, तिथली बरीचशी जमीन त्यांचीच, आणि १९३६ला गांधीजी तिथं राहायला गेले. हे तुम्हाला गाईडनं सांगितलंच असेल.

जानकीदेवींचं काय झालं? त्यांनी सोनं उतरवलं आणि पुन्हा घातलं नाही. पडदा सोडला. विलायती कपडे जाळले, खादी घातली, सूत कातलं, तुरुंगात गेल्या. मारवाडी समाजातल्या, लहानपणापासून पडद्यात वाढलेल्या सुनेनं त्या काळात तोंड उघडं ठेवून सभेत उभं राहणं ही केवढी गोष्ट, हे मुलींना नीट समजावून सांगा. माझ्या मते दागिने सोडण्यापेक्षा ते अवघड होतं. नवऱ्यानं सुचवलं म्हणून सुरुवात झाली असेल, पण नवऱ्याच्या पश्चात त्या जे जगल्या ते कोणी सुचवलेलं नव्हतं. ११ फेब्रुवारी १९४२ला जमनालालजी गेले. त्यांचं गोसेवेचं काम जानकीदेवींनी हातात घेतलं. नंतर विनोबांबरोबर भूदानात फिरल्या आणि विहिरींसाठी कूपदान मागत हिंडल्या. ज्या घरात दत्तक मुलाच्या बदल्यात विहीर मागितली गेली होती, त्या घरच्या सुनेनं इतर गावांसाठी विहिरी मागितल्या, हे मला फार भावतं. १९५६ला त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९७९ला त्या गेल्या.

धनाबद्दल तुमच्या मुलींनी विचारलं त्याचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. १९०२मध्ये श्रीमंताच्या लेकीकडे स्वतःचं म्हणून फक्त स्त्रीधन असे, म्हणजे अंगावरचं सोनं आणि मिळालेल्या भेटी. भाऊ असताना बापाच्या इस्टेटीत तिला जागा नव्हती. १९३७च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या हिश्शावर हयातीपुरता हक्क दिला, पण शेतजमिनीला तो आपोआप लागू नव्हता आणि विकायचा अधिकार तर नव्हताच. १७ जून १९५६ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि त्याच्या कलम १४नं बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. म्हणून जानकीदेवींनी सोनं सोडलं तेव्हा त्या काय सोडत होत्या ते बघा. त्या काळी बाईचं म्हणून जे एकमेव धन होतं, तेच त्यांनी सोडलं. जमनालालजींनी रायबहादुरी परत केल्याची तारीख पोरं पाठ करतात, त्याच रांगेत हेही यायला पाहिजे.

विदर्भातल्या मुलींना आणखी एक गोष्ट सांगता येईल. १९८६ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मांडली. कास्तकारानं स्वखुशीनं आपल्या वावरातला तुकडा बायकोच्या नावावर करायचा. मुलींना घरी विचारायला लावा, आजीच्या नावावर काही आहे का. असेल तर सातबारा आणून वर्गात वाचा.

प्रश्न : सेलू तालुक्यात आमचं बारा एकर वावर आहे. मी विधवा, वय ६६. एकच लेक. जवाई मोठा व्यापारी, स्वभावानं चांगला. सगळे म्हणतात, आताच बक्षीसपत्र करून टाक, खर्च कमी येतो. करू का?
— एक आई

उत्तर : आई, घाई करू नका. लेकीला शेतजमिनीचं बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचा खर्च वेगळा, हे खरं. पण स्वस्त आहे म्हणून करायची ही गोष्ट नाही. एकदा नोंदलं की तुमच्या हातात काही राहत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं आणि अट मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं ते रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी, आणि लेकीविरुद्ध अर्ज करायला कोणती आई जाईल?

मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, मन बदललं तर नवीन करता येतं. दोन साक्षीदार घ्या, तुमच्याहून वयानं लहान, आणि ज्यांना त्यात काही मिळायचं नाही असे. लेक आणि जवाई साक्षीदार नकोत. डॉक्टरांचा दाखला जोडला आणि नोंदणी केली तर पुढं भाऊबंद खोड काढत नाहीत. लेकीच्या नावाच्या पुढं ‘आणि जवाई’ असं लिहा म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका, जवाई कितीही चांगला असो.

तोवर वावर तुमचंच. ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर) देता की बटईनं (पिकाच्या वाट्यावर), ते कागदावर करा. येत्या खरिपात ई-पीक पाहणीला तलाठी किंवा शेजाऱ्यावर सोडू नका, लेकीला बोलवा, तिच्या फोनवर करा, आणि त्या निमित्तानं चारी धुरे तिच्याबरोबर फिरून दाखवा.